भाव, प्रसंग आणि सूर : ‘प्रभात’च्या बोलपटांतील संगीतरचना आणि नवोदित संगीतकारासाठी तिचा बोध (१९३२–१९४१)

प्रस्तावना

चित्रपटासाठी भावपूर्ण संगीत कसे रचावे, हा प्रश्न नवोदित संगीतकारापुढे उभा राहिला की त्याच्या हाती बहुधा एक यादी दिली जाते. करुण प्रसंगाला अमुक राग, वीररसाला अमुक लय, विरहाला सारंगी, मंगल प्रसंगाला सनई, असे तिचे स्वरूप असते. संगणकावर संगीत रचणाऱ्याला तर ‘दुःख’, ‘आशा’, ‘भय’ अशा नावांखाली वर्गवारी केलेले तयार ध्वनिसंचच आज मिळतात. या यादीचा आधार घेऊन रचलेले संगीत पुष्कळदा सुरेल असते. परंतु दृश्यावर बसविले असता ते परके वाटते. प्रसंग करुण, रागही करुण आणि तरीही प्रेक्षक निर्विकार, असा अनुभव येतो. असे का घडते, याचे उत्तर केवळ संगीतशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी चित्रपटसंगीताच्या इतिहासाकडे वळावे लागते.

भारतीय बोलपटाच्या पहिल्या दशकात प्रत्येक संगीतकार हा नवोदितच होता. त्यांपैकी अनेकजण गायक किंवा वादक म्हणून ख्यातनाम होते, रंगभूमीवर त्यांच्या चाली गाजलेल्या होत्या. पण चित्रपटासाठी संगीत रचण्याचा पूर्वानुभव कोणापाशीच नव्हता, कारण तसे माध्यमच पूर्वी नव्हते. म्हणून या दशकाचा इतिहास हा एका अर्थाने नवोदितांच्या शिक्षणाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात कोल्हापूर व पुढे पुणे येथील प्रभात फिल्म कंपनीच्या १९३२ ते १९४१ या काळातील काही बोलपटांच्या आधारे या शिक्षणाचा मागोवा घेतला आहे. चित्रपटातील भाव हा स्वरांच्या निवडीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सूर कोणाचा आहे, तो कोठून येतो आणि केव्हा थांबतो यावर अवलंबून असतो, हे या संगीतकारांना टप्प्याटप्प्याने उमगत गेले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कोष्टकाची परंपरा

भाव आणि स्वर यांची जोडी लावण्याची कल्पना नवी नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्य व शृंगार या रसांसाठी मध्यम व पंचम, वीर, रौद्र व अद्भुत यांसाठी षड्ज व ऋषभ, करुणासाठी गांधार व निषाद, तर बीभत्स व भयानक यांसाठी धैवत असा स्वरांचा विनियोग सांगितला आहे. रागाचा आणि रसाचा संबंध जोडणाऱ्या पुढील विचाराची बीजे येथे आढळतात. नवोदितांना दिल्या जाणाऱ्या याद्यांचा हा दूरचा पूर्वज म्हणता येईल.

पाश्चात्त्य देशांत मूकपटांच्या काळात याच स्वरूपाची गरज निर्माण झाली. पडद्यासमोर बसून पियानो किंवा ऑर्गन वाजविणाऱ्या वादकाला दर आठवड्यास नवा चित्रपट पुढे असे आणि तयारीला वेळ नसे. जुझेप्पे बेच्चे यांनी बर्लिन येथे १९१९ पासून प्रसिद्ध केलेला ‘किनोथेक’ हा संग्रह आणि एर्नो रापे यांचा न्यूयॉर्क येथे १९२४ मध्ये निघालेला ‘मोशन पिक्चर मूड्स’ हा ग्रंथ ही या गरजेतून निघालेली पुस्तके होत. रापे यांच्या ग्रंथात ५२ भावस्थिती व प्रसंग यांनुसार रचना लावलेल्या होत्या आणि प्रत्येक पानाच्या समासात त्यांची सूची छापलेली होती. वादकाला पडद्यावरील दृश्य बदलताच चटकन हवे ते पान उघडता यावे, हा त्यामागील हेतू. भारतातील मूकपटगृहांत हे काम पुष्कळ ठिकाणी पेटी व तबला वाजविणारे वादक आपल्या पाठांतराच्या बळावर करीत.

तथापि नाट्यशास्त्रात आणखी एक विचार आहे आणि तो चित्रपटसंगीताच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. तो म्हणजे ध्रुवागीतांचा विचार. ध्रुवांचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाच्या वेळी गायिली जाणारी ती प्रावेशिकी, पात्र निघून जाताना गायिली जाणारी ती नैष्क्रामिकी, चालू असलेला भाव अकस्मात मोडून दुसरा आणणारी ती आक्षेपिकी, क्षुब्ध झालेले वातावरण शांत करणारी ती प्रासादिकी आणि प्रयोगात पडलेली पोकळी भरून काढणारी ती अंतरा. येथे वर्गवारीचा निकष भाव नसून नाट्यातील स्थान हा आहे. गीत कशाचे आहे यापेक्षा ते केव्हा येते आणि येऊन काय करते, यावरून त्याचे नाव ठरते. स्वर-रसांचे कोष्टक आणि ध्रुवांची ही व्यवस्था असे दोन मार्ग एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. बोलपटाच्या पहिल्या दशकात संगीतकारांचा जो प्रवास झाला, तो पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे झाला, असे म्हणता येते.

बोलपटाचा आरंभ आणि तांत्रिक मर्यादा

अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात ७ गाणी होती. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर मुद्रित करणारी यंत्रणा त्यासाठी वापरली गेली. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्याने बरेचसे चित्रीकरण रात्री करावे लागे. मायक्रोफोन दृश्यातील वस्तूंच्या आड लपविलेले असत आणि साथीदारांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसावे लागे. नट गात असताना त्याला फार हालचाल करता येत नसे, कारण तो मायक्रोफोनपासून दूर गेला की आवाज क्षीण होई.

या परिस्थितीत वेगळ्या पार्श्वसंगीताला वावच नव्हता. संगीत म्हणजे गाणे, आणि गाणे म्हणजे रंगभूमीवरचे पद, हे समीकरण बोलपटाने जसेच्या तसे उचलले. १९३२ च्या ‘इंद्रसभा’ या बोलपटात तर सुमारे ७० गाणी होती. चित्रपट बोलू लागला तेव्हा त्याने नाटकाची भाषा घेतली आणि नाटकाचे संगीतही घेतले. संगीतकाराने स्वतःला विचारावा असा ‘येथे संगीत हवे की नको’ हा प्रश्न अद्याप जन्माला आलेला नव्हता.

गोविंदराव टेंबे : रंगभूमीचा वारसा

१९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते. संगीताची जबाबदारी आणि हरिश्चंद्राची भूमिका ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. टेंबे हे श्रेष्ठ हार्मोनियमवादक होते. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकातील त्यांच्या चालींनी नाट्यसंगीताला नवे वळण दिले होते, आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत ते एक होते. थोडक्यात, रंगभूमीच्या संगीतातील अधिकारी पुरुष चित्रपटाच्या क्षेत्रात नवखा म्हणून उतरला.

रंगभूमीवरील पदाची रचना एका विशिष्ट कराराने बांधलेली असते. पद सुरू झाले की कथानक थांबते. श्रोता त्या थांबण्याला मान्यता देतो, इतकेच नव्हे तर ‘वन्समोअर’ देऊन ते लांबवितो. भाव येथे गायकाच्या विस्तारातून उलगडतो; आलाप, ताना, पुनरुक्ती यांच्या साहाय्याने एकच ओळ दहा अंगांनी दाखविता येते. चित्रपटात हा करार लागू होत नाही. पडद्यावरील काळ ठरलेला असतो. वन्समोअरला प्रतिसाद देणे फिल्मला शक्य नसते. शिवाय गाणे तबकडीवरही निघावयाचे असेल तर त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचेच ध्वनिमुद्रण बसे. टेंबे यांच्या पिढीला पडलेले पहिले कोडे असे होते : विस्तारातून भाव निर्माण करण्याची सवय असलेल्या संगीतकाराने विस्ताराविना तो कसा निर्माण करावा?

या कोड्याची तीव्रता १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटाच्या वेळी विशेषत्वाने जाणवते. त्यात साक्षात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. गायनाच्या दृष्टीने याहून मोठे नाव महाराष्ट्रात मिळणे कठीण होते. तरीही बालगंधर्व चित्रपटात रमले नाहीत आणि पुढे रंगभूमीकडेच परतले. गायनाची श्रेष्ठता आणि चित्रपटसंगीताची परिणामकारकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेतून ध्यानात येते.

केशवराव भोळे : सूर कोणाचा?

‘प्रभात’ने १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतर केल्यानंतर केशवराव भोळे (जन्म १८९६) तेथे संगीत दिग्दर्शक म्हणून आले. भोळे यांचे वैशिष्ट्य असे की ते संगीतसमीक्षक होते; ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी समकालीन गायकांच्या गायकीची चिकित्सा केली होती. १९३३ च्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे संगीतही त्यांचेच होते. पदांची रेलचेल टाळून मोजकी, भावगीताच्या वळणाची गाणी योजणारे आणि वास्तव अभिनयाचा आग्रह धरणारे ते नाटक होते. गाणे प्रसंगाच्या पोटातून यावे, हा धडा भोळे यांनी चित्रपटात येण्यापूर्वीच तेथे गिरविला होता.

१९३४ च्या ‘अमृतमंथन’ पासून भोळे यांचे चित्रपटातील काम सुरू झाले. परंतु त्यांच्या विचाराचे स्पष्ट रूप दिसते ते दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आणि भजनगायनासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या तोंडच्या चाली भजनी वळणाच्या आहेत. बोलणे आणि गाणे यांतील सीमारेषा पुसट ठेवलेली आहे. तुकाराम बोलता बोलता गाऊ लागतात आणि प्रेक्षकाला कथानक थांबल्यासारखे वाटत नाही.

या चित्रपटाच्या आरंभीच संगीतकाराने नवोदिताला जन्मभर पुरेल असा एक धडा मांडून ठेवला आहे. तुकाराम ज्या अभंगात तल्लीन झालेले दिसतात, तोच अभंग ढोंगी सालोमालो स्वतःच्या नावावर खपवितो आणि लोकांसमोर नटवून, मुरडून गातो. शब्द तेच, आशय तोच. बदलते ते फक्त गाणे. एका चालीत गाणारा विसरला जातो आणि विठ्ठल उरतो. दुसरीत गाणाराच तेवढा उरतो. भक्तिरसासाठी कोणता राग योग्य, या प्रश्नाचे उत्तर येथे उपयोगी पडत नाही. सूर कोणाच्या तोंडी आहे आणि गाताना त्याचे लक्ष कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर चाल ठरविते. सालोमालोची चाल संगीत म्हणून वाईट असण्याची गरज नाही; ती सालोमालोची असणे पुरेसे आहे.

याच चित्रपटासाठी गीतकार शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग इतका बेमालूम उतरला की पुष्कळांनी तो तुकारामांचाच समजला. शब्द आणि चाल ही दोन्ही पात्राच्या स्वभावाशी एकरूप झाल्यावर रचनाकार अदृश्य होतो, याचे हे उदाहरण होय. ‘संत तुकाराम’ १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकांपर्यंत तो पोहोचला, यात त्याच्या संगीताचाही वाटा असणार, असे मानण्यास जागा आहे.

‘कुंकू’ : सूर कोठून येतो?

यानंतर एका वर्षाने आलेला ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने केंद्रस्थानी आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवणुकीने वृद्ध वकील काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली तरुण नीरा हे लग्न मनाने मान्य करण्यास नकार देते, हे त्याचे कथासूत्र. शांता आपटे यांनी नीरेची आणि ‘नाट्यमन्वंतर’शी संबंधित असलेले केशवराव दाते यांनी काकासाहेबांची भूमिका केली. शांताराम आणि भोळे यांनी या चित्रपटात एक असाधारण निर्णय घेतला : पार्श्वसंगीत मुळीच वापरावयाचे नाही. जो ध्वनी ऐकू येईल तो दृश्यातील जगात निर्माण झालेलाच असला पाहिजे.

या निर्णयाचे वजन समजण्यासाठी कथाविषय ध्यानात घ्यावा लागतो. जरठ-कुमारी विवाहाच्या विषयात करुणरसाला पदोपदी आमंत्रण आहे. नीरा एकटी बसली की व्हायोलिनचा विलाप, काकासाहेब चिडले की ढोलाचा ठोका, असे संगीत कोणत्याही नवोदिताला सहज सुचेल. ते येथे नाही. घरातील वस्तूंचे आवाज, भिंतीवरील जुन्या घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरून गात जाणारा भिकारी, यांनीच दृश्याची ध्वनिसृष्टी भरलेली आहे. जुने घड्याळ हे काकासाहेबांच्या सरत्या वयाचे प्रतीक होते. पण ते प्रतीक असण्यापूर्वी ते त्या घरातील घड्याळ असते. प्रेक्षकाला अर्थ सांगितला जात नाही, तो त्याला ऐकू येतो.

गाणी मात्र ‘कुंकू’त आहेत. नीरा गाते तेव्हा ते गाणे तिच्या जगातील एक कृती असते. तिच्या तोंडी लाँगफेलो यांची एक इंग्रजी कविताही आहे. सुशिक्षित, स्वतःचे मत असलेल्या तरुणीचे ते गाणे तिची ओळख सांगते. ती रडते आहे, असे सांगण्यासाठी ते आलेले नाही.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. पार्श्वसंगीताचा अभाव हा कलात्मक निर्णय होता की तांत्रिक उणीव? याचे उत्तर घटनाक्रमातच आहे. त्याच स्टुडिओने, त्याच संगीत दिग्दर्शकाच्या साहाय्याने, आदल्याच वर्षी संगीताने ओथंबलेला ‘संत तुकाराम’ काढला होता. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये १९३५ च्या ‘धूप छाँव’साठी रायचंद बोराल यांनी पार्श्वगायनाची पद्धत वापरली होती, म्हणजे ध्वनी वेगळा मुद्रित करून चित्राशी जोडण्याचे तंत्रही देशात अवगत झाले होते. साधने असताना त्यांचा वापर न करणे, यालाच निर्णय म्हणतात. भोळे यांनी ‘कुंकू’त संगीत रचले नाही असे नव्हे, त्यांनी शांततेची रचना केली.

तथापि ‘कुंकू’ची पद्धत हा सार्वत्रिक नियम मानणे चुकीचे ठरेल. ‘अमृतमंथन’सारख्या भव्य, अद्भुत वातावरणाच्या चित्रपटाला ती मानवली नसती. वास्तववादी सामाजिक विषयाला ती शोभली, कारण त्या विषयाची मागणीच साक्षीदाराच्या तटस्थतेची होती. नियम इतकाच निघतो की संगीत किती असावे हे विषय ठरवितो; संगीतकाराची हौस ठरवीत नाही.

मास्टर कृष्णराव : विरोधी भावाचा सूर

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य आणि गंधर्व नाटक मंडळीतील गायक-संगीतकार. ‘धर्मात्मा’ नंतर त्यांनी ‘प्रभात’साठी ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांना संगीत दिले. यांपैकी ‘माणूस’मधील एक योजना येथे उल्लेखनीय आहे.

‘माणूस’ ही पोलीस शिपाई गणपत आणि वेश्याव्यवसायात अडकलेली मैना यांची कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. मैना आपल्या गिऱ्हाइकांसमोर एक गाणे गाते. निरनिराळ्या प्रांतांतील श्रोत्यांना खूश करण्यासाठी त्या गाण्याची भाषा कडव्याकडव्याला बदलत जाते. वृत्ती बेफिकीर, चाल हलकीफुलकी. उद्याची चिंता कशाला, असा त्याचा आशय. कोष्टकाप्रमाणे पाहिले तर हे आनंदाचे गाणे आहे. परंतु ते कोण, कोठे आणि कोणासाठी गाते आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने त्या आनंदाखालची पोकळी त्याला जाणवते. चाल जितकी खेळकर, तितकी ही जाणीव गडद होते. प्रसंगातील दुःख आणि संगीतातील उल्लास यांचा विरोध हाच येथे भावनिर्मितीचा मार्ग झाला आहे. शोकाचा सूर लावला असता तर मैनेची कीव आली असती. उल्लासाच्या सुराने तिची अवस्था कळते.

‘शेजारी’ हा या कालखंडातील शेवटचा महत्त्वाचा टप्पा. १९४२ मध्ये शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली. एका दशकात पदापासून पार्श्वसंगीतापर्यंत, पार्श्वसंगीतापासून शांततेपर्यंत आणि तेथून विरोधी भावापर्यंतचा पल्ला या संगीतकारांनी गाठला होता.

शिकण्याची रीत

हे ज्ञान पुढील पिढीकडे कसे गेले? त्या काळी चित्रपटसंगीताची पाठशाला नव्हती. वसंत देसाई (१९१२–१९७५) हे याचे उत्तम उदाहरण आहे. तरुणपणीच ते ‘प्रभात’मध्ये दाखल झाले, लहानसहान भूमिका केल्या, ‘अमृतमंथन’मध्ये गायले आणि तेथील संगीत दिग्दर्शकांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राबले. १९४३ च्या ‘शकुंतला’पासून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) पर्यंत शांताराम यांच्या चित्रपटांना त्यांनी जे संगीत दिले, त्याचा पाया या उमेदवारीत होता. नट, कॅमेरा, संकलन आणि गाणे ही सारी कामे जवळून पाहिलेल्या माणसाला संगीताची जागा वेगळी शिकवावी लागत नाही.

१९६० मध्ये ‘प्रभात’च्याच पुण्यातील वास्तूत फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली आणि उमेदवारीची जागा अभ्यासक्रमाने घेतली. भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) यांनी १९६५ ते १९८० या काळात तेथे संगीताचे अध्यापन केले. ते स्वतः पं. रविशंकर यांचे शिष्य आणि सतारवादक. ‘सामना’, ‘मायादर्पण’ आणि कितीतरी वर्षांनंतरचा ‘श्वास’ (२००४) या चित्रपटांचे संगीत त्यांचे. ज्या आवारात ‘कुंकू’ची शांतता रचली गेली, त्याच आवारात चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना संगीताकडे कसे पाहावे हे शिकविले जाऊ लागले, ही सातत्याची खूण लक्षणीय आहे.

या परंपरेचा मोठा भाग लिखित स्वरूपात नाही. केशवराव भोळे यांचे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ यांसारखे आत्मनिवेदन अपवादात्मक. बाकीचे शिक्षण चित्रपटांच्या प्रतींतच साठविलेले आहे, आणि त्या प्रती चिरंतन नाहीत. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यास लागलेल्या आगीत अनेक मूळ प्रती नष्ट झाल्या. म्हणूनच उपलब्ध चित्रपट कान देऊन पाहणे हे नवोदिताचे केवळ शिक्षण नसून परंपरेचे जतनही आहे.

नवोदितासाठी निष्पन्न होणारी सूत्रे

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. पहिले सूत्र क्रमाचे आहे. रचनेस बसण्यापूर्वी दृश्य संगीताविना अनेकदा पाहावे आणि त्यातील स्वाभाविक ध्वनींची नोंद करावी. त्या ध्वनींनीच भाव पोहोचत असेल तर तेथे संगीत घालू नये. हा ‘कुंकू’चा धडा.

दुसरे सूत्र प्रवेश व निर्गमन यांचे. संगीत कोणत्या क्षणी सुरू होते आणि कोणत्या क्षणी थांबते, हे चाल सुचण्याआधी ठरवावे. पात्राने निर्णय घेतला तो क्षण, नजर वळली तो क्षण, शब्द अपुरा राहिला तो क्षण, अशा जागा शोधाव्यात. ध्रुवांच्या पाच प्रकारांपैकी आपले संगीत कोणते काम करणार आहे, हे स्वतःला विचारणे आजही उपयुक्त ठरते.

तिसरे सूत्र मापाचे. चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी जातात. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा १८ चौकटींची होते. ४८ सेकंदांच्या दृश्यात अशा ६४ मात्रा, म्हणजे त्रितालाची नेमकी ४ आवर्तने बसतात, आणि दृश्य बदलते तेथेच पुढील सम येते. दृश्य ४५ सेकंदांचे असेल तर मात्र ६० मात्रा होऊन सम चुकते. अशा वेळी लय किंचित वाढवावी, किंवा सम मुद्दाम चुकवून अपुरेपणाचा भाव साधावा. हे गणित रुक्ष वाटले तरी समेचे सुख आणि समेचा भंग ही दोन्ही भावसाधने त्यातूनच हाती येतात.

चौथे सूत्र मालकीचे. सूर पात्राचा आहे, परिसराचा आहे की निवेदकाचा, हे निश्चित करावे. तुकाराम आणि सालोमालो यांचे एकाच अभंगाचे दोन अवतार नित्य स्मरणात ठेवावेत. पाचवे सूत्र विरोधाचे. दृश्याचा भाव संगीताने पुन्हा उच्चारण्याऐवजी दृश्यात नसलेली बाजू संगीताने पुरवावी. आणि शेवटची कसोटी वजाबाकीची : रचना पूर्ण झाल्यावर ती काढून टाकून दृश्य पुन्हा पाहावे. काहीच हरवले नाही असे वाटले तर ती रचना कितीही सुंदर असली तरी त्या चित्रपटाची नाही.

समारोप

राग आणि रस यांचा संबंध काल्पनिक आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. टेंबे, भोळे आणि मास्टर कृष्णराव हे तिघेही रागसंगीतात मुरलेले होते आणि त्यांच्या चालींना ते बळ होतेच. परंतु चित्रपटात आल्यावर त्यांना ते ज्ञान नव्याने मांडावे लागले. ज्याला पुष्कळ गाता येत होते त्याने थोडके गाण्यास शिकावे आणि ज्याला वाजविता येत होते त्याने थांबण्यास शिकावे, असे ते शिक्षण होते. आजच्या नवोदितापाशी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. एकट्याने खोलीत बसून तो अख्खा वाद्यवृंद उभा करू शकतो. त्यामुळे त्याच्यापुढील अडचण उलट दिशेची आहे : १९३१ मध्ये साथीदारांना दृश्याबाहेर लपवावे लागे, तर आज दृश्यात शिरू पाहणाऱ्या संगीताला आवरावे लागते. या आवरण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत धीट मराठी पाठ १९३७ मध्येच लिहिला गेला आहे. काकासाहेबांच्या घरातील घड्याळाचा आवाज ऐकू यावा म्हणून एका उत्तम संगीतकाराने तेथे आपले वाद्यवृंद मुके ठेवले, आणि त्या घरातील दुःख प्रेक्षकांच्या कानी पडले.